कडुनिंबाखालचा पंप

मिस्त्रींचा हात पुढे आला, चाकाच्या व्हॉल्व्हपाशी थांबला आणि मागे गेला. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट आहे. इंदूरहून महू आणि तिथून जाम दरवाजाचा घाट उतरून मी मंडलेश्वरकडे निघालो होतो. घाट संपल्यावर थोड्याच वेळात मागच्या चाकातली हवा गेली आणि रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाखाली मला सायकलदुरुस्तीचे दुकान दिसले. दुकान म्हणजे काय, तर फांदीला टांगलेले दोन जुने टायर, पाण्याने भरलेले घमेले, खोक्यावर मांडलेले पाने आणि पेचकस, तेलाने काळा पडलेला एक लाकडी ठोकळा आणि मोटारसायकलींत हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. शेजारी नववीतल्या मुलींना सरकारकडून मिळतात त्या सात-आठ सायकली एका ओळीत उभ्या होत्या. मिस्त्री साठीच्या पुढचे असावेत. त्यांनी माझी सायकल माझ्या हातातून अलगद घेतली, एका हाताने उचलून पाहिली आणि तिचा हलकेपणा जाणवताच त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी मागचे चाक फिरवले आणि त्याची बारीक टिकटिक संपेपर्यंत ते कान देऊन ऐकत राहिले. एवढे सगळे झाल्यावर ते व्हॉल्व्हकडे वळले. काडीसारखा बारीक, चकचकीत, टोकाला इवलीशी चकती असलेला तो व्हॉल्व्ह त्यांच्या पंपाच्या तोंडात बसेना. त्यांनी जरा दाबून पाहिले, तेव्हा आतली दांडी एका बाजूला कलल्यासारखी झाली. तिथे त्यांचा हात थांबला. बोटे फडक्याला पुसत ते म्हणाले, "ये अपने बस का नहीं है, भैया. टूट जाएगा."

मग मीच खाली बसून ट्यूब काढली. त्यांनी न सांगता घमेले माझ्याकडे सरकवले. बुडबुडा दिसला, बाभळीच्या काट्याचे टोक टायरच्या आतून निघाले, पॅच बसला. माझ्या विताएवढ्या पंपाने हवा भरताना दोनशेच्या वर दट्टे मारावे लागले आणि तेवढा वेळ ते गुडघ्यावर कोपर टेकवून शांतपणे बघत होते. निघताना मी पन्नासची नोट पुढे केली, तर त्यांनी ती घेतली नाही. "हमने तो कुछ किया ही नहीं," असे ते म्हणाले. त्या म्हणण्यात राग नव्हता आणि आग्रहाला जागाही नव्हती.

महेश्वरला मी उजेडी पोचलो, नर्मदेत पाय सोडून घाटावर बसलो, आणि तरी मनातून तो मागे गेलेला हात जाईना.

याचे कारण माझ्या लहानपणात आहे. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये कारकून होते आणि रामबागेतल्या घरापासून मिलपर्यंत रोज सायकलने जात. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मालवा मिल चौकापासून पाटणीपुऱ्यापर्यंतचा रस्ता सायकलींनी भरून वाहत असे, आणि घंट्यांच्या आवाजापेक्षाही कॅरिअरला अडकवलेल्या रिकाम्या डब्यांचा खडखडाट जास्त ऐकू येई. त्या रस्त्यावर वीस-पंचवीस पावलांवर एक मिस्त्री बसलेला असायचा. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, बाबा सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला देत आणि मला सोबत नेत. मिस्त्री चाकाच्या मधला हब उघडून छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकत आणि ते मोजण्याचे काम माझ्याकडे असे. काळ्या, चिकट गोळ्या रॉकेलमध्ये बोटाने फिरवल्या की त्यांच्यातून हळूहळू आरशासारखे गोल मणी निघत. झिजलेला छर्रा उजेडात धरला की त्यावर खरवडल्यासारखा डाग दिसे, आणि एक छर्रा खराब निघाला तर मिस्त्री सगळेच बदलत. मग ते अंगठ्याने वाटीत ग्रीस भरत, एकेक छर्रा त्यात रुतवत, वरून शंकूसारखा नट आवळत आणि चाक फिरवून सोडून देत. ते चाक थांबेपर्यंत बाबा, मिस्त्री आणि मी, आम्ही तिघे काही न बोलता बघत असू. १९९१ मध्ये मिल बंद झाली आणि काही वर्षांत तो रस्ता मोटारसायकलींचा झाला. मिस्त्री कुठे गेले हे मी त्या वेळी कोणाला विचारले नाही. निमाडातल्या कडुनिंबाखाली मला त्यांच्यापैकीच कोणीतरी भेटल्यासारखे वाटले होते, आणि मी त्यांच्यापुढे अशी वस्तू ठेवली होती की जिला हात लावायची त्यांना भीती वाटली.

लांबच्या प्रवासाला दुसरी सायकल घ्यायची, जिला रस्त्यावरचा मिस्त्री न घाबरता हात लावील, असे मी ठरवले. पहिला विचार साहजिकच बाबांच्या सायकलीचा आला. ती अजून घरी जिन्याखाली आहे, काळी, डबल बारची, २८ इंची चाकांची. ऐन तिशीत बाबा मिलमधल्या चार मित्रांबरोबर श्रावणात याच सायकलीवरून ओंकारेश्वरला गेले होते. सिमरोल, भैरव घाट, चोरल, बडवाह, मोरटक्का हा सगळा रस्ता, कॅरिअरला एक घोंगडी आणि दोन दिवसांच्या दशम्या बांधून. परत येताना घाट कसा चढलात असे मी विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. "चढायचा कशाला? घाट आला की आम्ही उतरायचो आणि ढकलायचो," ते म्हणाले. मुंबईहून १९२३ साली निघून १९२८ साली सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पारशी तरुण तर वाळवंटे आणि डोंगर ओलांडून आले. तेव्हा लांबच्या प्रवासाला विशेष सायकलच लागते, हे म्हणणे मला कधीच पूर्ण पटलेले नाही. पण मी त्या सायकलीवर दोन रविवार काढले आणि मला खरे काय ते मान्य करावे लागले. पुढे ४४ दात, मागे १८ दात आणि एवढे मोठे चाक असले की पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर, मिलच्या वेळेला पोचायचे असेल, तर हे माप उत्तम आहे. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की ताशी वीस किलोमीटरच्या जवळ वेग मिळतो. चढावर मात्र तेवढी फेरी गुडघ्यांना झेपत नाही. आणि उतारावर, त्यातही पावसात, पोलादी रिमवर दांड्यांचे ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. माझे वय आता सत्तेचाळीस आहे. ढकलण्याची मला लाज नाही, पण भैरव घाटात मागून येणाऱ्या ट्रकपुढे ब्रेक न लागणारी सायकल घेऊन उतरण्याची माझी तयारी नाही.

म्हणजे मला हवी होती ती सायकल या दोन सायकलींच्या मध्ये कुठेतरी होती.

छावणीतल्या आणि नव्या इंदूरमधल्या चार-पाच दुकानांत मी त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात इतक्या वेळा गेलो की दुकानातली मुले मला न विचारता चहा मागवू लागली. पहिला प्रश्न सगळीकडे बजेटचा असे, दुसरा उंचीचा. कुठे जाणार, सोबत काय नेणार, मुक्काम कुठे करणार, हे मला कोणीही विचारले नाही, आणि लांबच्या प्रवासाची सायकल निवडताना सगळे याच प्रश्नांवर ठरते असे माझे आता ठाम मत आहे. मला महिन्यातून एखादा शनिवार-रविवार आणि वर्षातून आठ-दहा दिवस फिरायचे होते. रात्री धर्मशाळेत किंवा एखाद्या साध्या लॉजमध्ये झोपायचे होते, त्यामुळे तंबू, चूल, भांडी यांचा प्रश्न नव्हता. रस्ते माळव्याचे आणि निमाडचे, म्हणजे निम्मे चांगले डांबरी आणि निम्मे ट्रॅक्टरांनी उखडलेले. जड प्रवासाच्या सायकली पुढे-मागे चार पिशव्या आणि वीस-पंचवीस किलो ओझे नेण्यासाठी बांधलेल्या असतात. मला तेवढी मजबुती नको होती. पण माझी पहिली सायकल शर्यतीच्या घराण्यातली होती आणि तिला कॅरिअर अडकवायला साधे भोकसुद्धा नव्हते.

भोकापासूनच मी सुरुवात केली. मागच्या एक्सलजवळ, म्हणजे चाकाच्या आसाजवळ, आणि सीटखालच्या नळ्यांवर कॅरिअरसाठी पाच मिलिमीटरच्या बोल्टची आटे पाडलेली भोके आहेत का, हे मी प्रत्येक सायकलीवर वाकून पाहू लागलो. मग मी टेप काढून पॅडलच्या मधल्या धुरीपासून मागच्या एक्सलपर्यंतचे अंतर मोजत असे. वेगाच्या सायकलींत ते ४१० मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्यामुळे सायकल चपळ होते. पण त्या अंतरावर बाजूला पिशवी लावली की पॅडल मारताना दर फेरीला टाच पिशवीवर आपटते. प्रवासी सायकलीत हेच अंतर ४४० ते ४५० मिलिमीटर ठेवतात. एवढ्या दीड बोटाच्या फरकाने दिवसभराचा प्रवास सुखाचा किंवा चिडचिडीचा होतो, हे मला एका ओळखीच्या मुलाच्या सायकलीवर पिशवी बांधून फेरफटका मारल्यावर कळले. सांगाडा मी पोलादाचा घेतला. क्रोम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाच्या नळ्या पातळ करता येतात, त्यामुळे वजन बाबांच्या सायकलीसारखे वीस किलोच्या घरात जात नाही, आणि कधी सांधा उकललाच तर गॅसवर पितळेचा रस सोडून तो जोडणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो. अॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागते, आणि जोडल्यानंतर त्या मिश्रधातूला पुन्हा नीट तापवून पूर्वीची ताकद आणावी लागते. ते रस्त्यावर होणारे काम नाही.

चाकांवर मी सर्वांत जास्त वेळ आणि पैसा घालवला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. ओझे मागच्या चाकावर बसते, आणि मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त ताणलेले असतात, कारण दात्यांना, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांना, जागा देण्यासाठी चाक त्या बाजूला चपटे बांधावे लागते. स्पोक तुटतात ते बहुधा तिथेच, आणि नेमका तोच स्पोक बदलण्यासाठी दातेही काढावे लागतात. पहिल्या सायकलीला मागे २४ चपटे स्पोक होते. तसे स्पोक इंदूरमध्येसुद्धा मागवावे लागतात. या वेळी मी ३६ साध्या, गोल स्पोकांचे चाक हाताने बांधून घेतले. एक तुटला तरी उरलेले पस्तीस चाक सांभाळून घरी आणतात. दाते हबवर आट्यांनी बसणाऱ्या जुन्या फ्रीव्हीलचे न घेता हबवर सरकवून बसवायच्या कॅसेटचे घेतले, कारण जुन्या पद्धतीत उजवीकडचे छर्रे हबच्या खूप आत बसतात, एक्सलचे टोक आधाराविना बाहेर राहते आणि ओझ्याखाली ते वाकते. टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे. माझ्या आधीच्या २८ मिलिमीटरच्या टायरांत हवा इतकी कडक भरावी लागे की खडबडीत रस्ता मनगटातून खांद्यापर्यंत चढे. रुंद टायरात कमी दाबाची हवा चालते, आणि तेवढी हवा कोणत्याही गावातला पंप देऊ शकतो.

गिअरच्या बाबतीत मला फ्रान्समधल्या एका माणसाचे ऋण मानावेसे वाटते. पॉल द व्हिवी त्याचे नाव, आणि 'वेलोसिओ' या टोपणनावाने तो लिहीत असे. सेंत-एतिएन या गावी राहून त्याने सायकलप्रवासाला वाहिलेले मासिक चालवले आणि चढावर गिअर बदलता आला पाहिजे हे आयुष्यभर सांगितले. त्या काळी गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची आणि दुबळ्यांची सोय असा समज होता. तूर द फ्रान्स या शर्यतीत मागचा गिअर बदलणारी यंत्रणा वापरायला सर्वांना परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे तो १९३० मध्ये वारल्यानंतर सात वर्षांनी. मी पुढे ४८, ३६ आणि २६ दातांच्या तीन चकत्या आणि मागे ११ ते ३४ दातांच्या आठ चकत्या घेतल्या. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीत सायकल १.६५ मीटर जाते, म्हणजे बाबांच्या सायकलीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी सहा किलोमीटर. दुकानातला मुलगा म्हणाला की एवढ्या वेगाने तर माणूस चालतो. ते खरे आहे, पण माणूस बसून, श्वास न लागता, पिशव्यांसकट जाम घाट चढतो, आणि चढताना त्याला पळस आणि साग वेगवेगळे दिसतात. ब्रेक मी रिमवर दाबणारे घेतले. डिस्क पावसात आणि चिखलात अधिक भरवशाच्या असतात हे मला मान्य आहे, पण रिमच्या ब्रेकची रबरे मंडलेश्वरलाही मिळतात. सीटबद्दल मी काही लिहीत नाही. ज्याची त्याने वर्षभर बसून शोधावी.

राहिला व्हॉल्व्ह. ज्याच्यामुळे हे सगळे सुरू झाले, तो मी सर्वांत शेवटी निवडला, आणि खरे तर तो मनात सर्वांत आधी ठरलेला होता. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतच हवा आत कोंडण्याच्या तीन युक्त्या निघाल्या, ज्या आजपर्यंत तशाच आहेत. आपल्या साध्या सायकलींत असतो तो वुड्सचा, ज्याच्या पोटात रबरी नळीचा तुकडा असतो आणि जो कुजला की पाच मिनिटांत बदलता येतो. शर्यतीच्या सायकलींत असतो तो फ्रेंच सायकलींतून आलेला बारीक प्रेस्टा, जो टोकाची चकती सैल केल्याशिवाय हवा घेत नाही. आणि मोटारसायकलींना, मोटारींना असतो तो श्रेडरचा जाड व्हॉल्व्ह, आत स्प्रिंग आणि पिन असलेला. प्रेस्टाला रिममध्ये साडेसहा मिलिमीटरचे भोक पुरते, म्हणून अरुंद रिम कमजोर होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. श्रेडरला साडेआठ मिलिमीटर लागतात. माझ्या नव्या रिमा रुंद होत्या, त्यामुळे तेवढे भोक त्यांना सहज सोसणारे होते. मी दुकानदाराला मोटारसायकलचा व्हॉल्व्ह हवा असे सांगितले, तेव्हा त्याने मला अजिजीने समजावले की चांगल्या सायकलीला असा व्हॉल्व्ह शोभत नाही, आणि हवे तर प्रेस्टावर बसवायचा पितळी तुकडा मिळतो, वजन नगण्य, खिशात ठेवा. तो तुकडा मला ठाऊक होता. पण तो माझ्या खिशात असणार, मी तो काढून लावणार, आणि समोरचा माणूस पुन्हा बघत राहणार. मला ते नको होते. त्या माणसाने वाकावे, व्हॉल्व्ह पाहावा आणि मला काही न विचारता पंप लावावा, एवढीच माझी मागणी होती. हे मी दुकानात बोलू शकलो नाही. "मला हाच हवा आहे," एवढेच मी पुन्हा म्हणालो.

सायकल घरी आली त्या संध्याकाळी बाबा काठी टेकत खाली आले. त्यांनी अंगठ्याने टायर दाबून पाहिला, ब्रेक दाबला, गिअरकडे दुर्लक्ष केले आणि कॅरिअरवर हात ठेवून म्हणाले, "कॅरिअर आहे, हे बरे झाले. तुझ्या त्या आधीच्या सायकलीवरून साधी भाजीसुद्धा आणता येत नव्हती." आधीची सायकल मी भाच्याला दिली आहे. ती देताना मला वाईट वाटले, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबरातल्या पहाटे बायपासवर तिच्यावरून जाताना रस्ता पायांखालून आपोआप सरकतो असे वाटायचे. तसा हलकेपणा या सायकलीत नाही, आणि ही कितीही आवडली तरी तो परत येणार नाही.

सामानाचा हिशेब मला नर्मदेच्या काठावर शिकायला मिळाला. मंडलेश्वरच्या घाटावर एकदा एक परिक्रमावासी आजी शेजारी बसल्या होत्या, सातारकडच्या. त्यांची एक झोळी, एक वळकटी, कमंडलू आणि काठी. झोळीत काय आहे असे मी विचारले, तेव्हा त्यांनी ती माझ्यासमोर उलटी केली: एक लुगडे, पंचा, पोथी, वाटी, सुईदोरा, औषधाची पुडी. बाकीचे कसे, या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "बाकीचं वाटेत लोक देतात की." घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन लिहून काढले. जाड टॉवेल साडेचारशे ग्रॅम भरला आणि पंचा दीडशे, तेव्हापासून टॉवेल घरीच राहतो. एक जोड अंगावर, एक पिशवीत, रात्रीसाठी पातळ चादर आणि लोकरीची बंडी. दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर काढायच्या पट्ट्या, पान्यांचा जुडगा, चेनची जोडकडी, ब्रेकची आणि गिअरची एकेक तार, मागच्या चाकाच्या मापाचे तीन स्पोक चेनजवळच्या नळीला चिकटपट्टीने बांधलेले. सगळे मिळून सहा किलो आठशे ग्रॅम. त्यात लसणाच्या शेवेची पुडी आमच्या घरून कोणी न विचारता ठेवली जाते आणि ती मी मोजत नाही. पाणी वेगळे. निमाडात फेब्रुवारीनंतर तीन लिटर तरी लागते, आणि ते तीन किलो वाटेत संपतात म्हणून जाचत नाहीत. पिशव्या दोनच, मागे, आणि जड वस्तू तळाला, एक्सलच्या जवळ. वर ठेवलेले ओझे चढावर उभे राहून पॅडल मारताना सायकलीला डोलवते.

पहिल्याच चाचणीत, उज्जैनच्या रस्त्यावर, सांवेरच्या पुढे माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट गळून पडला. दुकानात बसवताना कोणी तो नीट आवळला नव्हता आणि निघण्यापूर्वी मीही तपासला नव्हता. कॅरिअर एका बाजूने खाली झुकले, पिशवी स्पोकांना घासू लागली. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी पोत्याची सुतळी तोडून दिली, त्यांच्या मुलाने ती नऊ वेळा फिरवून अशी गाठ मारली की उज्जैनपर्यंत आणि तिथून घरापर्यंत कॅरिअर हलले नाही. मी नंतर पाण्याच्या बाटलीच्या खोबणीचा एक बोल्ट काढून तिथे बसवला, कारण दोन्हींचे माप पाच मिलिमीटर, एकच असते. आता असे दोन बोल्ट पिशवीत जास्तीचे असतात, आटे सुटू न देणाऱ्या द्रवाचा एक थेंब प्रत्येकाला लावलेला असतो, आणि ती सुतळी मी टाकलेली नाही.

या जानेवारीत मी पुन्हा जाम दरवाजाच्या वाटेने गेलो. अहिल्यादेवींच्या काळातल्या त्या दगडी दरवाजाच्या सज्ज्यातून खाली पाहिले, तेव्हा निमाड धुक्यात बुडालेले होते आणि मधूनच एखाद्या झाडाचा शेंडा वर आला होता. घाट उतरताना बोटे गारठली, आणि खाली पोचताच ऊब अंगावर आली, ओल्या कपाशीच्या देठांचा आणि शेणाच्या धुराचा वास घेऊन. कडुनिंब होता. टायर टांगलेले होते. मिस्त्री एका मुलीच्या सायकलीची चेन बसवत होते. माझ्या चाकात हवा पुरेशी होती, तरी मी थांबलो आणि हवा बघायला सांगितले. त्यांनी मला ओळखल्याचे काही दाखवले नाही. चेन बसवून झाल्यावर ते उठले, वाकले, व्हॉल्व्हची टोपी दोन बोटांनी काढून ओठांत धरली आणि कॉम्प्रेसरची नळी लावली. हवा थोडी गेली, त्यांनी नळी काढली, अंगठ्याने टायर दाबला, पुन्हा थोडी भरली. टोपी लावली. मी निघायला सायकल सरळ केली, तर त्यांनी हँडलवर हात ठेवून मला थांबवले.

मागचे चाक त्यांनी उचलून फिरवले आणि अंगठ्याचे नख ब्रेकच्या रबराला टेकवून रिमच्या अगदी जवळ धरले. चाक फिरत होते आणि दर फेरीला एकाच जागी रिम नखाला लागून अगदी हलका आवाज होत होता. मला तो त्यांनी धरेपर्यंत कधी ऐकू आला नव्हता. "आउट है," ते म्हणाले. खोक्यातून त्यांनी स्पोकचा पाना काढला. दोन बोटांनी स्पोक एकेक करून छेडत ते पुढे गेले, एका सुराचे स्पोक लागत होते आणि मग एक बसक्या आवाजाचा लागला. त्याला त्यांनी पाव फेरी दिली, समोरच्या बाजूच्या दोघांना त्याहून कमी सैल केले, पुन्हा चाक फिरवले, पुन्हा नख धरले. ते फिरताना मी, ते आणि दप्तर पाठीला लावून उभी असलेली ती मुलगी, सगळे चाकाकडेच बघत होतो. नखाला काही लागेना.

"कितना हुआ?" मी विचारले.

"हवा का कुछ नहीं. आउट के बीस दे दो."

मी वीसची नोट दिली. त्यांनी ती घेतली, सोल्युशनच्या डब्याखाली दाबून ठेवली आणि मुलीच्या सायकलीचा ब्रेक बघायला वळले.